मेंढरांना बक्षीस असावे काय?

वाणिज्य शाखेच्या पदवीधराचा तत्त्वज्ञानाशी फारसा संबंध येत नाही. 'देणे-घेणे' हा शब्दसुद्धा आम्ही ताळेबंदापुरताच वापरतो. पण मूल प्राथमिक शाळेत घातले की तत्त्वज्ञान दप्तरात बसून घरी येते. त्यातून शाळा मिशनची आणि गाव आमच्या नाशिकसारखे सणावारांचे हौशी असले, तर विचारायलाच नको. गोदाकाठी सिंहस्थ बारा वर्षांनी भरतो. कन्येच्या शाळेत तो दर पंधरा दिवसांनी. राखी झाली की शिक्षकदिन, तो झाला की आकाशकंदील, मग बालदिन, आजी-आजोबा दिन, शाळेला ज्या संताचे नाव त्याचा सण, आणि या सर्वांवर कळस म्हणजे नाताळ.

नाताळात गव्हाणीचा देखावा असतो, तोही जिवंत. पवित्र मारिया एक, योसेफ एक, देवदूत एक, पूर्वेकडून आलेले ज्ञानी तीन. बाळ येशू तेवढा प्लॅस्टिकचा. कारण खरे बाळ सिस्टरांचे ऐकत नाही. वर्गात मुले मात्र पन्नासच्या वर. उरलेल्यांचे काय करायचे? चार मेंढपाळ आणि बाकी सगळी मेंढरे! आमची कन्या डावीकडून सातवे मेंढरू होती. संवाद एकाक्षरी: "बँऽऽ!" बँकेत नोकरी करणाऱ्या बापाला याहून अधिक काय हवे? महिनाभर तिने तो संवाद असा काही घोकला, की दूधवाला दारात थबकून आत डोकावू लागला.

कार्यक्रम झाल्यावर सिस्टरांनी सर्वांना रांगेत उभे केले आणि प्रत्येकाच्या गळ्यात सारखे पदक व हातात केकचा सारखा तुकडा दिला. जे मारियाला, तेच मेंढराला. इथे ठिणगी पडली. योसेफाचे वडील फाटकापाशी तापले होते. "माझ्या मुलानं सहा पानं पाठ केली हो! आणि रांगणाऱ्यांनाही तेच पदक? उद्या मुलं मेहनत कशाला करतील?"

"अहो भाऊसाहेब," आमची सौ. म्हणाली, "सहा पानं तुमच्या मुलाला दिली, म्हणून त्यानं पाठ केली. आमच्या पोरीला कुणी दिली होती?"

मी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. दोन्ही बाजूंना रक्कम सारखीच दिसत होती. योसेफाच्या वडिलांचे मला पटत होते. दिवसभर काउंटरवर घाम गाळणारा आणि दिवसभर चहा गाळणारा यांना एकाच तारखेला एकच वेतनवाढ मिळते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पण सौ.चेही खोटे नव्हते.

शेवटी ज्यांच्या घरचे कार्य, त्यांच्याच पोथीत पाहावे म्हणून मी बायबल उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात एक धनी आपल्या चाकरांना पैसे सोपवून परगावी जातो. दोघे ते दुप्पट करतात, तिसरा पुरून ठेवतो. धनी त्याला झाडतो: निदान पेढीवाल्याकडे ठेवले असतेस तर व्याज तरी आले असते! ठेवी गोळा करण्याच्या मोसमात आमच्या शाखेच्या भिंतीवर लावावा असा हा विचार आहे. योसेफाच्या वडिलांची बाजू भक्कम झाली.

पण पाच अध्याय मागे गेलो, तर विसाव्यात वेगळेच. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असताना. संध्याकाळी मजुरी मात्र सगळ्यांना सारखीच! पहाटेचे मजूर कुरकुरतात. आम्ही नाशिककर, द्राक्षमळा म्हटला की चित्र डोळ्यांपुढे उभेच राहते. पेठ-सुरगाण्याकडची माणसे हंगामात दिंडोरी-निफाडला मळ्यांच्या कामाला येतात. नाक्यावर गाडी थांबते, हवी तेवढी माणसे उचलते, बाकीची तिथेच उभी. गोष्टीतला मालक शेवटच्या मजुरांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलेच नाही. आमच्या सौ.ने बायबल वाचलेले नाही. पण फाटकापाशी ती नेमके हेच बोलली होती. मेहनतीचा हिशेब ठेवणे सोपे असते. न मिळालेल्या संधीची नोंद कुठल्याच वहीत नसते.

मेंढरांच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे. इटलीतल्या ग्रेच्चो गावी 1223 साली संत फ्रान्सिसने नाताळचा जिवंत देखावा मांडला. जुन्या चरित्रात त्यातल्या मंडळींची नावे आहेत: बैल आणि गाढव. मारिया-योसेफाची पात्रे तिथे नव्हतीच! म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीत चतुष्पाद वरच लागतात.

मग शाळेने गुणवत्तेचे नावच घेऊ नये काय? हा प्रश्न मी सिस्टरांनाच विचारला. त्या म्हणाल्या, "क्रीडादिनाला पहिला नंबर एकालाच देतो आम्ही. पण ही शर्यत नव्हती. वाढदिवस होता."

आता मला वाटते की वह्या दोन आहेत. एक स्पर्धेची, तिथे पै-पै मोजावी आणि पहिल्याला पहिलाच म्हणावे. दुसरी उत्सवाची. गोपाळकाल्यात कुणाच्या शिदोरीत काय होते हे कोणी विचारत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत कुठकुठली, कुठल्या कुठल्या धर्माची माणसे एकाच रांगेत उभी राहतात; तिथे कुणी पात्रता तपासू लागले तर यात्रा बंदच करावी लागेल. घोटाळा होतो तो एका वहीतली नोंद दुसरीत केल्यावर. शर्यतीत सगळ्यांना पहिले ठरवणे हे पहिल्यावर अन्याय करणारे, आणि प्रसाद वाटताना गुणपत्रिका मागणे हे सगळ्यांवरच.

तरी योसेफाच्या वडिलांसाठी एक तडजोड सुचवतो. ती सहा पाने पुढच्या वर्षी एखाद्या मेंढराला द्यावीत, आणि योसेफाला महिनाभर "बँऽऽ" घोकू द्यावे. मेहनत कशाला म्हणतात ते बापलेकांना कळेल. केक मात्र सारखाच कापावा. हवे तर कापायला मला बोलवावे. आम्हा बँकवाल्यांना फरक ठेवता येत नाही. राहिलाच, तर तो सापडेपर्यंत घरी जाता येत नाही.