दैवाचा वाटा

एकोणीस लिटर धूसर आयपीए, म्हणजे एक गढूळ बिअर, करायची तर 228 अब्ज यीस्टपेशी लागतात. हिशेब अवघड नाही. अशा एल प्रकारच्या बिअरला दर मिलिलिटरमागे आणि साखरेच्या दर प्लेटो अंशामागे साडेसात लाख पेशी घालाव्यात, असा बिअर करणाऱ्यांचा रूढ ठोकताळा आहे. माझं वॉर्ट, म्हणजे माल्ट गरम पाण्यात मुरवून काढलेलं गोड पाणी, साधारण 16 अंशांचं असतं. मी आणते त्या द्रव यीस्टच्या पाकिटात भरतेवेळी शंभर अब्जांच्या आसपास पेशी असतात, आणि फ्रिजमध्ये पडल्या पडल्या त्या मरत जातात. पाकीट फोडून तसंच ओतलं तर गरजेच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून दोन दिवस आधी लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम माल्टची पूड उकळायची, गार झाल्यावर फ्लास्कमध्ये त्यात ते पाकीट सोडायचं, खाली चुंबकाची कांडी गरगरत ठेवायची आणि पेशींना वाढायला अवधी द्यायचा. याला स्टार्टर म्हणतात.

अण्णांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "विरजणच की गं. पण सगळंच मोजून घातलंस, मग दैवाला काय ठेवलंस?"

अण्णा सांगलीत जन्मभर शाळेत संस्कृत शिकवत होते. दारूला त्यांनी कधी हात लावला नाही, पण मुलीने अमेरिकेत व्हरमाँटमध्ये घराच्या तळघरात बिअर करावी याचं त्यांना विशेष काही वाटत नाही. उलट सौत्रामणी यागात सुरा कशी करत हे मला त्यांनीच सांगितलं: मोड आणलेलं भात, मोड आणलेले जव, लाह्या आणि आंबवायला नग्नहू. जवाला मोड आणून वाळवले की माल्टच झाला. "शतपथ ब्राह्मणात आहे, आमच्या घरात नव्हतं एवढंच," हे त्यांचं त्यावरचं भाष्य.

दैवाचा प्रश्न मात्र त्यांनी थट्टेने विचारला नव्हता. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवं दैव. मी ती यादी तळघरात नेऊन लावून पाहिली. अधिष्ठान म्हणजे बिअर आंबते तो स्टीलचा फर्मेंटर आणि 19 अंश सेल्सियसवर ठेवलेली खोली. करणं म्हणजे थर्मामीटर, हायड्रोमीटर, नळ्या. चेष्टा म्हणजे ढवळणं, उकळणं, घासणं. सगळ्यात जास्त घासणंच. कर्त्यापाशी पहिली अडचण येते, कारण साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करणारी मी नाही. मी फक्त जेवायला वाढते. पण ही अडचण गीतेनेच पुढे सोडवली आहे: या पाचांत केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असं तिथे लगेच म्हटलं आहे. ते मला पटतं. अडतं ते पाचव्यापाशी. पहिल्या चारांकडे बोट दाखवता येतं. दैव कुठे ठेवायचं?

इतिहास बघितला तर दैव सतत जागा सोडत आलेलं दिसतं. 1516 साली बव्हेरियात बिअरबद्दलचा जो प्रसिद्ध कायदा झाला त्यात जव, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि पाणी एवढेच घटक लिहिले आहेत. यीस्टचं नाव नाही. आधीच्या खेपेचा फेस किंवा गाळ पुढच्या खेपेत घालायचा हे त्यांना ठाऊक होतं, पण तो सजीव आहे आणि सगळं काम तोच करतो, हे ठाऊक नव्हतं. पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ 1876 सालचा. 1883 साली कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं. म्हणजे जे तोवर पाचव्या रकान्यात होतं ते उचलून तिसऱ्या रकान्यात, करणांमध्ये आलं. आज तर माणूस पेशी मोजून घालतो.

अण्णांच्या प्रश्नाचा रोख हाच असावा: असं करत करत पाचवा रकाना एक दिवस रिकामा होईल का?

होईल, असं योगवासिष्ठ म्हणतं; खरं तर तो मुळात रिकामाच होता म्हणतं. त्यातल्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ रामाला निक्षून सांगतात की दैव म्हणून वेगळं काही नाही. आपणच पूर्वी केलेल्या प्रयत्नाला आज आपण दैव म्हणतो, आणि आजचा प्रयत्न जोरदार असेल तर तो कालच्याला हरवतो. लोकमान्यांनीही गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे आणि कर्माची साखळी अनादि असली तरी प्रयत्नाला वाव आहे, अशीच बाजू घेतली आहे. (टिळकांना या तळघरात आणताना जरा ओशाळायला होतं. 1908 साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे जे पिकेटिंग झालं त्याच्या पाठीशी ते होते.)

वसिष्ठांचं म्हणणं यीस्टइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. पेशी कमी घातल्या तर काय होतं पाहा. पेशीच्या आवरणाला स्टेरॉल नावाची द्रव्यं लागतात आणि ती बनवायला ऑक्सिजन लागतो. म्हणून यीस्ट सोडण्याआधी वॉर्टमध्ये हवा किंवा ऑक्सिजन खेळवतात. तो थोड्या वेळात संपतो. मग प्रत्येक आई आपल्याजवळचं स्टेरॉल लेकींमध्ये वाटत जाते. पेशी पुरेशा असतील तर थोड्याच पिढ्यांत काम भागतं. कमी असतील तर पिढ्यांवर पिढ्या वाढाव्या लागतात, आणि शेवटच्या लेकींच्या वाट्याला इतकं पातळ आवरण येतं की अल्कोहोल वाढू लागल्यावर त्या तग धरत नाहीत. बिअर अर्धवट गोड राहते, हिरव्या सफरचंदाचा नाहीतर लोण्याचा वास मागे राहतो, घशाला चटका देणारी जड अल्कोहोलं तयार होतात. पिणारा म्हणतो, या वेळी नशीब नव्हतं. नशीब दुसऱ्या तिसऱ्या दिवशीच ठरलेलं होतं, वाटणी कमी पडली तेव्हा.

यीस्ट पुन्हा वापरायचं ठरवलं की पूर्वकर्म शब्दशः हातात येतं. झालेल्या बिअरच्या तळाशी बसलेला गाळ पुढच्या खेपेला घालता येतो. पण सगळ्यात आधी खाली बसणाऱ्याच पेशी दर वेळी उचलल्या, तर काही खेपांनी सगळी वस्ती लवकर झोपणारी होते आणि साखर अर्धी ठेवून खाली बसते. फार कडक बिअरमधलं यीस्ट पुढे नेलं तर ते दमलेलंच येतं. पुढच्या खेपेला मी कितीही चोख वागले तरी हे सगळं माझ्यापुढे यीस्टचा स्वभाव म्हणून उभं राहतं. त्या पेशींना काही आठवत नाही, तरी काही सुटतही नाही. धूसर आयपीएत तर गाळात हॉप्सचा इतका चोथा मिसळलेला असतो की तो धुऊन वापरण्यापेक्षा आम्ही स्टार्टरच गरजेपेक्षा मोठा लावतो आणि त्यातला हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवतो, कर्माचा डाग लागण्याअगोदर.

ही बिअर तशी इथलीच. ग्रेग नूननने 1988 साली बर्लिंग्टनला व्हरमाँट पब अँड ब्रुअरी काढली. त्याच्या हाताखाली शिकलेल्या जॉन किमिचने पुढे वॉटरबरीत अल्केमिस्ट हा पब सुरू केला आणि 2004 साली तिथे हेडी टॉपर पहिल्यांदा केली. या धाटणीची बिअर न गाळलेली, आंब्याच्या पन्ह्यासारखी गढूळ दिसते. ओट्स आणि गव्हातली प्रथिनं व हॉप्समधली पॉलिफेनॉलं एकत्र येऊन तो गढूळपणा टिकवतात. कडवटपणा कमी, वास भरपूर. हॉप्स बहुतेक उकळी संपल्यावर किंवा आंबणं चालू असताना घालतात, आणि तिथे यीस्ट पुन्हा हात लावतं: हॉप्समधल्या जिरॅनिऑलचं सिट्रोनेलॉल करतं, गुलाबाकडचा वास लिंबाकडे नेतं. ज्या ऑक्सिजनवाचून सुरुवात होत नाही तोच पुढे हिचा काळ ठरतो. बाटलीत थोडी हवा शिरली तरी थोड्या दिवसांत रंग करडा-तपकिरी होतो आणि वास उडून जातो. एकच वस्तू केव्हा पथ्य आणि केव्हा विष हे वेळेवर ठरतं, पण वेळ सांभाळणंही प्रयत्नातच येतं. इथवर सगळे गुण वसिष्ठांना.

मी दुधाच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मोजण्याची सवय हाडात आहे. स्टार्टरचा थेंब पातळ करून त्यात मिथिलीन ब्लू घालायचं, रेघांच्या काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. जिवंत पेशी रंग आत टिकू देत नाहीत, मेलेल्या निळ्या होतात. काही शे पेशी मोजायच्या आणि त्यावरून अब्जांबद्दल बोलायचं. यात फसवणूक नाही, गणित आहे. पण एक गोष्ट ही काच दाखवत नाही. उत्तम निगा राखलेल्या वाणातही काही पेशी आपोआप अशा निपजतात की त्यांच्या मायटोकाँड्रियाचं डीएनए बिघडलेलं असतं. त्यांना पेटीट म्हणतात, कारण बशीत वाढवल्या तर त्यांच्या वसाहती बारक्या राहतात. त्या मरत नाहीत, निळ्या होत नाहीत, फक्त कामाला कमी पडतात. वाईट वागणुकीने त्या वाढतात, हे खरं. पण चांगल्या वागणुकीने शून्यावर येत नाहीत. नेमकी कोणती पेशी आणि केव्हा, याला माझा कालचा प्रयत्नही जबाबदार नाही आणि परवाचाही नाही. वसिष्ठ म्हणतील, त्या पेशीचं स्वतःचं काही असेल. मला ते पळवाट काढल्यासारखं वाटतं.

आमच्या शेजारच्या आजीबाई गावातल्या काँग्रिगेशनल चर्चला जातात. त्यांचे पूर्वज प्युरिटन. हे लोक बिअरचे वैरी नव्हते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नसते: 1620 साली मेफ्लॉवर जहाज प्लिमथला थांबलं त्याचं एक कारण त्यांनीच लिहून ठेवलंय की शिधा संपत आला होता, विशेषतः बिअर. त्यांच्या धर्मशास्त्रात उद्धार ईश्वराच्या कृपेने, तोही आधीच ठरलेला; प्रयत्नाने तो मिळवता येत नाही, तरी प्रयत्न सोडायची मुभा नाही. आजीबाई बाटली उजेडाला धरून म्हणतात की यातलं चांगलं ते कृपेचं. मी वाद घालत नाही, पण मला गीतेची यादी जास्त मानवते. कृपा सगळंच व्यापते. दैव निदान पाचांतलं एक आहे, आणि तेही शेवटचं. आधीची चार कारणं पुरी केल्याशिवाय त्याचं नाव घेता येत नाही, असा मी त्या क्रमाचा अर्थ लावते. शास्त्री लावतील की नाही ठाऊक नाही.

28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळाच्या पावसाने विनूस्की नदी वॉटरबरीत शिरली आणि अल्केमिस्टचा पब आणि त्याखालचं तळघर बुडालं. त्याच गावात उंचवट्यावर त्यांनी नुकताच डबे भरायचा कारखाना उभारला होता. हेडी टॉपरचे पहिले डबे त्याच आठवड्यात बाहेर पडले. ही गोष्ट इथे धैर्याची म्हणून सांगतात. मला ती नेहमी अर्धी वाटते. कारखाना उंचावर होता हे पौरुष. पण नदी त्याच आठवड्यात आली, हे काय?

हाच प्रश्न मी अण्णांवर उलटवला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. गावभागातल्या आमच्या घरात अण्णांच्या पुस्तकांचे खालचे सगळे कप्पे भिजले. पण त्या दिवसांत त्यांनी एकदाही दैवाचं नाव घेतलं नव्हतं. रोज फोनवर विचारत होते, कुठल्या धरणातून किती क्युसेक सोडलं, कधी सोडलं, आधी का नाही सोडलं. मी म्हटलं, "अण्णा, पुरात तुम्ही वसिष्ठ होता आणि माझ्या बिअरसाठी गीता काढता."

ते हसले नाहीत. म्हणाले, "कोणाला काय सांगितलंय ते बघ. राम तीर्थयात्रेहून आला आणि सगळं सोडून खिन्न बसला. हात हलवायला तयार नाही. त्याला सांगितलं, दैव नाही, ऊठ. अर्जुनाला वाटत होतं सगळं आपल्याच हातून होणार, सगळ्यांचं मरण आपल्याच माथी. त्याला सांगितलं, बाबा, पाच आहेत, तू एक. रोग वेगळे, औषधं वेगळी. पुरात लोक खिन्न बसले होते, त्यांना दैव सांगायचं नसतं. तू 228 अब्ज म्हणालीस तेव्हा मला अर्जुन दिसला."

उत्तर सुंदर आहे, तरी आमच्यातला वाद अजून मिटलेला नाही. औषध रोग्याप्रमाणे बदलावं हे मला मान्य आहे. पण पेटीट पेशी औषध ऐकून निपजत नाही. ती निपजली की नाही, आणि कशामुळे, याला एकच उत्तर असणार, ऐकणारा राम असो की अर्जुन. अण्णा म्हणतात, शास्त्र माणसाला सांगितलंय, पेशीला नाही. मी म्हणते, मग पाच कारणांच्या यादीत "कोणतंही कर्म" असं का म्हटलंय? त्यावर ते भाष्यं काढून बघतो म्हणालेत, जी वरच्या कप्प्यात होती आणि वाचली. दरम्यान मी बशा ओतल्या आहेत. पुढच्या स्टार्टरमधल्या बारक्या वसाहती मोजणार आहे आणि आकडा त्यांना कळवणार आहे.