आजाऱ्याची रुखसत

खापरखेड्यात राहणाऱ्याला वेळ कळायला घड्याळ लागत नाही. वीजकेंद्राची पाळी सुटली, खाणीकडची माणसे परतू लागली, फजरची अजान झाली, की दिवस कुठवर आला ते समजते. इथे माणसाची ओळखही पाळीनेच होते. त्यामुळे आमचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही भाईजान म्हणतो, पाळीवर जाईनासे झाले ते आधी मोहल्ल्याच्या ध्यानात आले. घरात आम्हाला ते उशिरा दिसले.

आणि दिसले तेही उलटे दिसले. भाईजान खाटेवर बसत, एक मोजा पायात, दुसरा हातात. अर्धा अर्धा तास तसेच. चहावर साय धरायची. पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा झोप नाही, आणि तरी सकाळी खाटेवरून उठणे होत नसे. आधी दाढी टळू लागली, मग आंघोळ, मग जुम्मा. भाभी विचारत, "डब्यात काय देऊ?" तर भाईजानच्या डोळ्यांत पाणी येई. भेंडी की आलू, एवढे ठरवणेही त्यांना जड झाले होते. कामावर खाडे पडले, पगार कापला गेला, किराण्याची उधारी वाढली. आम्ही मात्र एकच धरून बसलो: नमाज सुटली, म्हणून हे झाले. आधी आजार आला आणि त्याने नमाजही नेली, हे आमच्या डोक्यात आले नाही.

अल्लाहच्या रहमतीविषयी निराश होणे गुनाह आहे, असे आम्हीच त्यांना सुनावले होते. गोष्ट खोटी नाही. पण माणूस स्वतः पत्करतो ती निराशा आणि त्याच्यावर येऊन कोसळते ती निराशा, या दोन्ही एकच काय? अमलाचा हिशेब नियतवर होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हा आजार तर नियत जिथे उगवते त्या जागेवरच येऊन बसतो. अशा माणसाला "हिंमत धरा" म्हणणे म्हणजे आटलेल्या विहिरीला, पाणी शेंदून स्वतःला भर, असे सांगण्यासारखे आहे.

दुःख आपल्याला परके नाही. हजरत याकूब मुलासाठी रडून रडून दृष्टी गमावून बसले, त्यांना कुणी बेइमान म्हटले नाही. बीबी खदीजा आणि अबू तालिब गेले ते वर्ष तर दुःखाचे वर्ष म्हणूनच ओळखले जाते. पण त्या दुःखांना कारण होते. भाईजानच्या दुःखाला कारण सापडत नव्हते, आणि त्याचाच आम्हाला राग येई. "तुम्हाला कमी काय आहे?" असे आम्ही दहा वेळा विचारले असेल. अबू झैद अल-बल्खी हे इ. स. ९३४ मध्ये वारले. त्यांनी शरीर आणि मनाच्या आरोग्यावरील आपल्या ग्रंथात दुःखाचे दोन प्रकार केले: एक कारण माहीत असलेले, दुसरे कारण न सापडणारे. दुसऱ्याचे मूळ त्यांनी शरीरात शोधले आणि उपचारही शरीरापासून सुरू करायला सांगितले. त्यांचे शरीरशास्त्र आज टिकणार नाही, पण प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता. हजार वर्षांपूर्वीचा आपलाच माणूस जे सांगून गेला ते आमच्यापर्यंत पोचले नाही, कव्वाली मात्र पोचली.

आमच्या भागात या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कामठीत जन्मलेल्या हजरत ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये नागपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले गेले. सोळा वर्षांनी, १९०८ मध्ये, राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर आणले. पुढे ते सावनेरकडच्या वाकीलाही राहिले. बाबांविषयीची आमची अकीदत आम्ही लपवत नाही. पण त्या कथेमुळे आमच्या मनात दोनच कप्पे तयार झाले. माणूस एकतर पोचलेला, नाहीतर पागल. मधुमेहासारखा, रक्तदाबासारखा, साधा आजारी माणूस ठेवायला तिसरा कप्पाच नाही. भाईजानना घेऊन आम्ही आधी वाकीला गेलो, मग ताबीज झाले, मग नजर उतरवून झाली. यात पाच महिने गेले. एका रात्री ते म्हणाले, "हम नहीं रहे तो तुम लोगों का बोझ उतरेगा." आम्ही म्हणालो, कुछ भी मत बोलो. हे उत्तर देऊन आम्ही झोपायला गेलो, ते आठवले की आजही झोप लागत नाही.

डॉक्टरांकडे आम्हाला नेले ते भाभींनी. उदासी किंवा कशातच मन न लागणे दोन आठवडे जवळजवळ रोज राहिले आणि झोप, भूक, काम बिघडले, तर दाखवायला हवे, असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे आम्ही किती आठवडे दवडले याचा हिशेब सोपा होता. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही त्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात, हेही त्यांनी सांगितले. २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीत वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार झाल्याचे दिसले. जुम्म्याच्या सफा डोळ्यांसमोर आणून पाहा. आता १४४१६ या सरकारी क्रमांकावर घरूनही बोलता येते. २०१७ च्या कायद्याने तर जीव द्यायला निघालेल्याला आधी तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानले, त्याची काळजी घेणे सरकारवर टाकले. कायदा आमच्याआधी नरम झाला.

पुढे रमजान आला. भाईजाननी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या आणि पूर्ण रोजे धरले. ईदपर्यंत ते पुन्हा खाटेवर. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची रुखसत कुरआननेच दिली आहे. उभे राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर पडून नमाज पढायची सवलत आहे. ताप आलेल्याला ही सवलत आपण आग्रहाने देतो. मन आजारी असलेल्याकडे मात्र पुरावा मागतो, आणि त्याच्याजवळ थर्मामीटर नसतो. डॉक्टरांना आधी विचारले असते तर कदाचित सहरी-इफ्तारला गोळ्या बसवता आल्या असत्या. पण विचारायची त्यांना लाज वाटली, आणि ती लाज आमच्याच घरात तयार झाली होती.

यानंतर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. भाईजान बरे होऊ लागले तेव्हा, त्या महिन्यांत भाभींना ते जे लागेल असे बोलले होते त्याचा विषय निघाला. आम्ही मोठेपणाने म्हणालो, "जाऊ द्या, ते तुम्ही नव्हता, आजार बोलत होता." भाईजान बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आवाज तर माझाच होता ना? मग माफी मागायचा हक तरी माझ्याकडे राहू द्या."

याचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. आजार कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे बाहेरून आखता येत नसावे. रुखसत दोष काढून घेते, पण माणसाच्या हातचे सगळेच काढून घ्यावे असे तिच्यात कुठे आहे? भाईजाननी भाभींची माफी मागितली. आता ते दुसऱ्या पाळीला जातात, गोळी डब्याबरोबर नेतात. आमची माफी मागायची अजून राहिली आहे.