तलाव आटतो तेव्हा

घोडाझरीला ‘निसर्गरम्य’ म्हणायची सगळ्यांनाच सवय झाली आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातला हा तलाव जंगलाने झाकलेल्या टेकड्यांमध्ये आहे. सह्याद्री पाहिलेला माणूस त्यांना डोंगर म्हणणार नाही, पण धानाच्या सपाट बांध्यांतून त्या एकदम वर येतात, म्हणून आहेत त्याहून उंच भासतात. पावसाळ्यात सांडवा वाहू लागला की नागपूर-चंद्रपूरकडच्या गाड्यांची रीघ लागते आणि पाळीवर चढलेला प्रत्येक जण पाण्याकडे बघत उभा राहतो. त्याच्या पाठीमागे, पाळीखाली, बांध्या पसरलेल्या असतात. तलाव बांधला तो त्यांच्यासाठी.

निसर्गाने इथे उतार तेवढा दिला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला, तेव्हा कुठे इंग्रज सरकारला पाण्याची आठवण झाली. १९०१-०३ चा सिंचन आयोग बसला आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत घोडाझरी, सावली तालुक्यातला आसोलामेंढा असे मोठे तलाव उभे राहिले. त्यात सरकारने काही नवी अक्कल लढवली होती असं नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव पूर्व विदर्भात होतेच. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, ते सरकारजमा झाले आणि ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव या नावाने कागदोपत्री आले.

पाऊस इकडे कमी नाही, हजार मिलिमीटरच्या बराच वर पडतो. पण तो लवकर आटोपतो. हलका धान कसाबसा निभावून जातो. भारी धान मात्र ऑक्टोबरात निसवतो आणि नेमका तेव्हाच पाऊस गेलेला असतो. त्या दिवसांत बांधीला एक पाणी मिळालं तर लोंबीत दाणा भरतो, नाही तर पोचट. पाळ, गेट, नहर, पाटचाऱ्या हा सगळा पसारा मुख्यतः त्या एका पाण्यासाठी. याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या जेमतेम दीड एकरात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा वाण काढला. त्याला नाव दिलं एचएमटी, तेव्हा सगळ्यांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं. पाळीवर फोटो काढणाऱ्याच्या घरी बहुधा तोच भात शिजत असेल.

म्हणून मला उन्हाळ्यातली घोडाझरी जास्त खरी वाटते. पाणी मध्यापर्यंत ओसरलेलं, काठाची माती भेगाळलेली. ‘आता बघण्यासारखं काही नाही’ असं म्हणून लोक परत जातात. पण रोवणीपासून निसवण्यापर्यंत जे पाणी मागितलं गेलं ते दिल्याची ती खूण आहे. ऑक्टोबर सरूनही तलाव तसाच तुडुंब दिसला, तर मी आधी नहर कुठे फुटला आहे का, ते विचारीन.

अर्थात तलाव एकट्या शेतकऱ्याचा नाही. ढिवरांना मासोळीसाठी तळाशी पाणी राहायला हवं असतं. २०१८ मध्ये भोवतालचं सुमारे १५९ चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य झालं. तिथल्या जनावरांची तहान तर ऐन मे महिन्यातली. हे हक्क मला खरे वाटतात. बोटिंगसाठी पाणी राखायची मागणी मी त्यांच्या रांगेत बसवणार नाही.

आता वैनगंगाही या हिशेबात आली आहे. तिच्यावरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली. त्याचा उजवा कालवा आसोलामेंढ्याला भिडतो आणि एका शाखा कालव्याला तर घोडाझरीचंच नाव आहे. पाणी वाढेल, हे चांगलंच. फक्त ऑक्टोबरात गेट कधी उघडायचं यावरून पाळीवर उभं राहून भांडता येत होतं. गोसीखुर्दचं गेट भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात आहे.