औषधाचे व्रत

ज्या रोगात वेदना असते, त्याचे औषध घ्यावयास मनुष्याला शिकवावे लागत नाही. दाढ ठणकू लागली म्हणजे मोठा मानी गृहस्थही मध्यरात्री डॉक्टरांचे दार ठोठावतो. परंतु वाढलेल्या रक्तदाबाची गोष्ट निराळी आहे. हा विकार पुष्कळदा कोणतीही खूण न देता वर्षानुवर्षे देहात राहतो. हृदय, मेंदूतील रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे आणि डोळे यांची झीज निमूटपणे चाललेली असते, आणि कित्येकांना त्याची पहिली ओळख होते ती अर्धांगवायूच्या किंवा हृदयविकाराच्या झटक्यानेच. यास्तव या विकाराचे औषध ही केवळ वैद्यकाची बाब राहत नाही. ज्याला काहीच दुखत नाही त्याने दररोज, बहुधा जन्मभर, गोळी घ्यावी असे सांगताना आपण त्याच्या वेदनेला नव्हे, तर विवेकाला आवाहन करीत असतो. प्रश्न नीतीचा होतो तो येथे.

आपल्या कोणत्याही देवालयाच्या सभामंडपात पुढील प्रकारचे गृहस्थ भेटतात. वय साठीच्या पलीकडचे, एकादशी न चुकविणारे, भजनात झांज धरणारे. डॉक्टरांनी दाब मोजला तो १७० वर १०० भरला. गोळी सुरू झाली, आणि दोन महिन्यांनी तो १३० वर ८० आला. ‘आता बरे वाटते, देवाने ऐकले,’ असे म्हणून त्यांनी गोळी सोडली. दाब उतरला तो त्या गोळीमुळेच, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. गाभाऱ्यातील नंदादीप छान तेवत आहे असे पाहून कोणी त्यात तेल घालावयाचे थांबवीत नाही. या गृहस्थांनी मात्र देहाच्या बाबतीत नेमके तेच केले. शिवाय काही औषधे, विशेषतः बीटा-ब्लॉकर वर्गातील किंवा क्लोनिडीनसारखी, एकाएकी बंद केली असता दाब उसळून पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो. औषध कमी करावयाचे असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने करावयाचे असते.

‘देह माझा आहे, त्याचे मी पाहून घेईन,’ असे उत्तर यावर मिळते. आम्हांस हे उत्तर धार्मिक माणसाच्या तोंडी शोभत नाही असे वाटते. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त तप करून कृश झालेल्या पार्वतीपुढे शंकर बटूच्या वेषात येतात, आणि धर्माचे पहिले साधन शरीर होय, याची तिला आठवण देतात. साधन आपण वापरतो, त्याचे आपण मालक नसतो. आणि व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरीही, अर्धांगवायूने देह खिळला म्हणजे ‘पाहून घेणारे’ आपण नसतो. कूस पालटणारी पत्नी असते, घास भरविणारी सून असते, रजा काढून बसणारा मुलगा असतो. स्वतःच्या निष्काळजीपणाचे ऋण दुसऱ्याच्या नावावर लिहिण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

दुसरी अडचण उपवासाची. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी गोळी घेतली तर उपवास मोडेल, ही भीती प्रामाणिक आहे. तिची थट्टा करू नये. परंतु तिचे निरसन आपल्याच ग्रंथांत आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात धृतराष्ट्राला उपदेश करताना विदुर व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगतो. पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याच पंक्तीत तो औषधालाही बसवितो. उलट, दंभाने आणि अहंकाराने देहाला पीडा देणाऱ्या, शास्त्राला संमत नसलेल्या तपाला गीतेच्या सतराव्या अध्यायात आसुरी म्हटले आहे.

तथापि एवढ्याने प्रश्न संपत नाही, कारण उपवासात देहाची स्थिती पालटते. ज्यांच्या औषधाने लघवीचे प्रमाण वाढते त्यांनी निर्जळी उपवास केला, तर शरीरातील पाणी व क्षार घटतात, दाब फार उतरतो, आणि उठताक्षणी भोवळ येऊन पडण्याचे भय असते. यासाठी मोठ्या व्रतापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ते वेळ किंवा मात्रा बदलून देतील. क्वचित प्रसंगी उपवासच करू नका म्हणतील, आणि तेही ऐकावे. दुसरी गोष्ट सैंधवाची. उपवासाला चालते म्हणून ते दाबालाही चालते, अशी समजूत घरोघर आहे. सैंधव हे मुख्यतः नेहमीच्या मिठाचेच द्रव्य आहे. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा त्यालाही लागू पडते. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडांचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी ते विचारल्यावाचून वापरू नये.

तिसरी अडचण म्हणजे ‘झाडपाल्याचे ते निर्दोष’ ही श्रद्धा. सर्पगंधेचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. ही मुळी आपल्या देशात पूर्वापार वापरात होती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले, आणि १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांचा अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडला. १९५२ साली तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि जगभर वापरले गेले. परंतु ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या मनाला खोल औदासीन्य ग्रासू लागल्याचेही आढळले. जी मुळी गुण देण्याइतकी समर्थ आहे, ती अपाय करण्याइतकीही समर्थ असते. खोकल्यासाठी आपण सहज चघळतो ते ज्येष्ठमधही अधिक प्रमाणात पोटात गेले तर दाब वाढविते. म्हणून काढा, चूर्ण, मुळी जे काही आपण घेत असू, ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. सांधेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि पडशावरील काही औषधे यांविषयीही हेच.

आता एक नाजूक गोष्ट. आमच्या गोमंतकात देवापुढे कौल घेण्याची, पाकळ्या लावून प्रसाद मागण्याची चाल जुनी आहे. संकटात सापडलेल्याला तिने धीर येतो, आणि त्या श्रद्धेला धक्का लावण्याची आमची इच्छा नाही. परंतु देवाला कोणता प्रश्न विचारावा, यालाही विवेक लागतो. ‘गोळी घेऊ की सोडू?’ असे विचारणारा पुष्कळदा देवाची आज्ञा मागत नसतो. आपल्या कंटाळ्याला देवाची संमती मागत असतो. जे मोजता येते ते मोजून ठरवावे. मोजून झाल्यावर जे उरते, म्हणजे धीर, शांती आणि मृत्यूविषयीची तयारी, ते देवापाशी मागावे.

आम्ही डॉक्टरांपुढे डोळे मिटून मान तुकवावी असे म्हणत नाही. आमचा आग्रह सत्याचा आहे. कोणत्या गोळीने पाय सुजतात, कोणत्या गोळीने कोरडा खोकला येतो. असा त्रास झाला तर गोळी गुपचूप सोडून ‘घेतो’ असे खोटे सांगणे, यात स्वतःचीच फसवणूक आहे. त्या असत्यावर विसंबून डॉक्टर मात्रा वाढवितात, आणि एखाद्या दिवशी सगळी मात्रा खरोखरच पोटात गेली म्हणजे अनर्थ होतो. त्रास सांगितला तर बहुधा दुसरे औषध मिळते. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. आपली गोळी शेजाऱ्याला ‘मला गुण आला’ म्हणून देणे हा परोपकार नव्हे. यांतील काही औषधे गर्भवतीच्या बाळाला घातक ठरतात, आणि देणाऱ्याला त्याची वार्ताही नसते. दाब मोजताना पाच मिनिटे स्वस्थ बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, चहा घेतल्याबरोबर मोजू नये, आणि आकडा येईल तोच वहीत लिहावा.

व्रत म्हणजे तरी काय? मनाला येवो न येवो, ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट करणे, तिचे प्रदर्शन न करणे, आणि चुकले तर ते कबूल करणे. पहाटे देवापुढे दिवा लावून झाल्यावर पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेणारी वृद्धा यांतील काहीही चुकवीत नाही. तिला फळ दिसत नाही; कारण न आलेला झटका कोणाला दिसत नसतो. दिसत नसलेल्या फळासाठी नेमाने केलेले हे कर्म आम्हांस कोणत्याही उपवासाहून कमी वाटत नाही.