काळ्याला खोली

दोस्तांनो, आपल्या कवितेत काळा माणूस लगेच येतो. तो आपल्या गल्लीत आला तर काय, हा माझा सवाल आहे.

या शहरात काळ्यांचं साहित्य कुणी शोभेला आणलं नाही. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले, नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तिकडचा काळा लेखक आपला अपमान कसा मांडतो, ते त्यांनी इकडच्या लिहित्या पोरांपुढं ठेवलं. गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श'मागं ह्याच चर्चा होत्या. 1972 ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती नावातच हे नातं सांगत.

पण नातं म्हणजे नुसता उमाळा न्हवं. 1946 साली बाबासाहेबांनी वंशप्रश्नाचा अभ्यास करण्यात हयात घालवलेले अमेरिकेतले काळे प्राध्यापक ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. मागितलं काय? निग्रोंनी युनोकडं केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती. म्हणजे लढायला हत्यार.

तिकडं रंग दिसतो, इकडं आडनाव विचारतात. आणखी एक फरक बाबासाहेबांनीच सांगून ठेवलाय: जातीची उतरंड पायरी-पायरीची असते. प्रत्येकाला लाथ मारायला खाली कुणीतरी सापडतो. आपल्यालाही सापडतो.

विद्यापीठात शिकायला आफ्रिकेतून पोरं येतात. त्यातला एखादा आपल्या दारात खोली मागायला उभा राहिला, तर आपण काय म्हणणार? 'कालिया' म्हणून हसणार? कुणी म्हणेल, आम्हालाच आडनाव ऐकून खोली नाकारतात, आम्ही काय देणार? अरे, म्हणूनच तुझ्याकडं मागायचं! पण दुःख भोगलं म्हणून माणूस आपोआप न्यायी होत नाही. भोगलेलं दुःख दुसऱ्याच्या अंगावर काढणारे आपल्यातही आहेत. न्याय शिकावा लागतो, आणि तो शेजाऱ्यापासून सुरू होतो.

हे गाव वसवलं कुणी, तेवढं आठवा. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर. 1610 ला त्यानं खडकी वसवली, नहर बांधून पाणी आणलं. तीच खडकी पुढं औरंगाबाद झाली, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर.

काळ्यानं वसवलेल्या गावात काळ्याला खोली नाकारून आपण कोणत्या तोंडानं त्याच्यावर कविता म्हणणार?

आधी दार उघडा.