कोरड्या पायांचा हिशेब

माणसाचा स्वभाव त्याच्या चपलांवरून ओळखावा असे म्हणतात. हे खरे असेल तर आम्हा कोल्हापूरकरांचा स्वभाव वर्षातले चार महिने माळ्यावर असतो. कोल्हापुरी चपलेला सगळे सोसते, फक्त पाऊस सोसत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवलेले ते कातडे. उन्हाळ्यात करकर वाजत गाव जागे करील, पण मृगाच्या दोन सरी पडल्या की वहीच्या ओल्या पुठ्ठ्यासारखे फुगून बसते. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, पण छत्री कोणी दिली नाही. म्हणून जून लागला की आम्ही तिला तेल पाजतो, वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठेवतो आणि स्वतः प्लॅस्टिकच्या सँडलवर दिवस काढतो.

माझेही असेच चालले होते. पण तीन वर्षांपूर्वी बँकेने माझी बदली पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या एका शाखेत केली. सकाळी शिवाजी पूल ओलांडायचा, पुढे मोटारसायकलवर बसून पाऊस खायचा आणि काउंटरमागे ओल्या मोज्यांनी संध्याकाळपर्यंत बसायचे. आता, ओल्या मोज्यातल्या कारकुनाकडे शहाण्या माणसाने फाटकी नोट बदलायला जाऊ नये. दोन पावसाळ्यांत शाखेत माझी ख्याती अशी झाली, की शिपाईसुद्धा आधी माझ्या पायांकडे बघायचा आणि मग चहा आणायचा.

शेवटी हीच म्हणाली, "अहो, ते मोटारसायकलवाल्यांचे मोठे बूट मिळतात ना, ते का घेत नाही?"

बूट घेणे हा प्रकार मुदत ठेवीसारखा आहे; नियम आधी वाचावेत. मी वाचले. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय फुगतो. जे मोजे पावसात घालणार तेच घालून दुकानात जावे. बूट घोट्याच्या चांगला वर यावा. त्याची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असावी, नाहीतर पाणी फटीतून आत येऊन बसते. चेन असेल तर तिच्यामागे कातड्याचा पडदा हवा. तळव्याला खोल खाचा हव्यात, कारण रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की साबणाच्या वडीशी स्पर्धा करतात. आणि डाव्या बुटाच्या चवड्यावर जादा कातडे असावे, कारण गिअर टाकून टाकून आधी तोच झिजतो. उजवा बूट बहुधा पेन्शनीपर्यंत जातो.

असे सर्वगुणसंपन्न बूट घेऊन मी घरी आलो, तेव्हा कळले की खरे काम पुढेच आहे. कातडे पाणी अडवते, पण शिवणी गळतात. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. म्हणून मेण आणि तेल एकत्र केलेले मलम आणले. बूट स्वच्छ पुसून, पूर्ण वाळवून, ते मलम बोटाने शिवणीशिवणीत जिरवायचे, रात्रभर ठेवायचे आणि पुन्हा तेच करायचे. स्वतःच्या लग्नात मला एवढी हळद लागली नव्हती. मग परीक्षा. बूट घालून न्हाणीघरात दोन्ही पाय दोन बादल्यांत ठेवून मी पंधरा मिनिटे उभा राहिलो. शेजारचे काका सहज आले होते. त्यांनी बघितले, काही विचारले नाही, आणि हिला हळूच म्हणाले, "बदलीचं मनाला फार लावून घेतलंय का त्यांनी?"

पाय कोरडे निघाले!

तरी पहिल्याच दिवशी बुटांत तळे झाले. चूक माझी. रेनकोटची पँट मी ऐटीत बुटांच्या आत खोचली होती. अशाने पँटची पन्हळ होते आणि आभाळातले सगळे पाणी शिस्तीत बुटात उतरते. पँट बुटावरून बाहेर सोडायची असते. आमच्याकडे राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. माझ्या बुटाची धोका पातळी नऊ इंच. तिच्यावर गेले की बूट पाणी अडवायचे सोडून साठवायला लागतो. तेव्हा बुटात आणि बादलीत फक्त कडीचा फरक उरतो.

दुसरी गोष्ट घामाची. माणसाच्या दोन पायांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. म्हणजे अडीच लाख खातेदार, आणि सगळे पैसे काढायलाच आलेले! रबरी गमबूट घातला तर बाहेरचा थेंब आत येत नाही, पण आतलाही बाहेर जात नाही. संध्याकाळी पाय ओलाच. फक्त पाणी घरचे. यावर १९६९ साली एक उपाय निघाला. नॉनस्टिक तव्याला जे टेफ्लॉन असते तेच झटकन ताणून त्याचा पडदा केला. त्याची भोके इतकी बारीक, की पाण्याचा थेंब त्यांतून येत नाही पण वाफ जाते. हा पडदा असलेले बूट मी हातात घेऊन पाहिले, किंमत वाचली आणि जागेवर ठेवले. तेवढी वाफ माझ्या पगारात नव्हती.

आठव्या शतकातल्या शांतिदेव नावाच्या बौद्ध आचार्यांनी 'बोधिचर्यावतार' या ग्रंथात पादत्राणांचा विचार केला आहे. सगळी पृथ्वी मढवायची तर एवढे कातडे आणायचे कुठून? आपल्या तळपायांपुरते घेतले की काम झाले, असा त्यांचा मुद्दा. त्यांना बोलायचे होते मनाबद्दल, पण बी.कॉम. झालेल्या माणसाला सिद्धांतापेक्षा बचत आधी पटते. मला तर फारच पटले. पुढे त्याच ग्रंथात दुसऱ्याच्या दुःखाबद्दलही पुष्कळ आहे, पण मी चपलेपाशीच थांबलो. आपला पाय मढला की पृथ्वी मऊ होते ती आपल्यापुरती, शेजाऱ्याच्या पायाखालचे काटे होते तिथेच असतात, हे मला बूट घेऊन महिना झाल्यावर समजले.

झाले असे. आमच्या रस्त्यावर एका एसटी थांब्यासमोर पावसाळाभर एक डबके असते. बूट नव्हते तेव्हा मी तिथे पहिल्या गिअरवर यायचो आणि पाय वर उचलून, नवरीने माप ओलांडावे तसे डबके ओलांडायचो. थांब्यावरची माणसे कौतुकाने बघत. एका गुरुजींनी तर एकदा नमस्कारही केला होता. मीही तो घेतला होता. बूट आल्यावर मी त्या डबक्यातून कधी चौथ्या गिअरवर जायला लागलो, मला कळलेही नाही. माझ्या सभ्यतेचे एकूण भांडवल म्हणजे दोन सुती मोजे होते; ते सुरक्षित झाले आणि सभ्यतेचे दिवाळे वाजले.

जुलैतल्या त्या सकाळी उशीर झाला होता. पाण्याची फाळ उडाली, आरशात कोणाची तरी छत्री उलटी झालेली दिसली. मी थांबलो नाही.

अकराच्या सुमाराला एक आजी काउंटरवर आल्या. लुगडे कमरेपर्यंत चिखलाने माखलेले. पिशवीतून त्यांनी पासबुक काढले. पासबुक कसले, भिजवलेली डाळ!

"सायेब, थांब्यावर हुबी हुते बगा. एक मोटारसायकलवाला आला आन् समदा चिखुल अंगावर उडवून गेला. मागं वळून बी बगितलं न्हाई मुडद्यानं. पायात बूट काय हुतं म्हणता, मिलिटरीवाल्यागत!"

मी पाय खुर्चीखाली घेतले. आणि माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात वाक्य आले, "काय करणार आजी, हल्ली लोक बघून चालवतच नाहीत."

पासबुकाचा बारकोड मशीनला वाचता येईना. नवे पासबुक द्यायचे तर त्याला आकार पडतो. तो मी खिशातून भरला. उठून पलीकडच्या कपाटापर्यंत गेलो, कोरे पासबुक आणले, नोंदी छापून दिल्या. आजी म्हणाल्या, "देव तुमचं भलं करंल."

हा आशीर्वाद जमेला धरायचा की नावे टाकायचा, हे मला कळेना. अशी रक्कम आम्ही बँकेत सस्पेन्स खात्यात ठेवतो. सस्पेन्स खाते म्हणजे बेवारशी पैशांची धर्मशाळा. पण तिथे फार दिवस ठेवता येत नाही, तपासनीस विचारतो. माझा तपासनीस रोज रात्री साडेअकराला विचारायचा. आकार भरला होता, पासबुक दिले होते, रुपये-पैशांत बाकी शून्य होती आणि तरी ताळा जुळत नव्हता.

ऑगस्टमध्ये आजी पुन्हा आल्या. काउंटरवर गर्दी नव्हती. मी म्हणालो, "आजी, त्या दिवशीचा मोटारसायकलवाला मीच होतो."

"म्या वळखलंच हुतं की," आजी म्हणाल्या. "कपाटाकडं गेलासा तवा बूट दिसलं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"पासबुक तुमच्या हातात हुतं न्हवं?" आजींनी नवे पासबुक खिडकीतून पुढे सारले. "एवढी एंट्री मारून द्या."

मी एंट्री मारून दिली. महिनाभर मी समजत होतो, की सांगायचे की गिळायचे हे माझ्या हातात आहे. माझ्या हातात फक्त पासबुक होते, आणि तेवढ्याने आजींचे तोंड बंद झाले होते. मग तो आशीर्वाद तरी त्यांनी कोणाला दिला होता, मला की पासबुकाला? विचारायचे धाडस झाले नाही.

संध्याकाळी पाऊस कोसळत होता. थांब्यापाशी आलो, पहिला गिअर टाकला आणि पाय खाली ठेवून डबक्यातून सावकाश गेलो. थांब्यावर कोणीही नव्हते.

घरी आल्यावर हिने मोजे हातात घेतले. "अगंबाई, हे ओले कसे? मेण पुन्हा लावायला झालं वाटतं."

"नाही," मी म्हणालो, "बाहेरून काही आलेलं नाही."

आणि मी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायला बसलो.