अंतर कोणते खरे?

माळव्यात किंवा गुजरातेत येऊन स्थायिक झालेल्या आमच्या पूर्वजांस कोणी ‘पुणे किती लांब?’ असे विचारले असते, तर त्यांनी बहुधा मजला मोजून उत्तर दिले असते. कोस प्रांतोप्रांती निराळा. मजलेत मात्र नदीचा पूर, घाट आणि बैलांचा दम हे सारे आपोआप धरलेले असे.

आज दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, पृथ्वीच्या गोलावरून त्यांना जोडणारी लहानात लहान कमान काढावी, की अंतर हाती येते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४०० किलोमीटर. पण हा आकडा नेमका कोणाच्या प्रवासाचा? ती कमान सैबेरियावरून, ७५ उत्तर अक्षांशापर्यंत चढून जाते. एअर इंडियाचे विमान अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. २०१६ च्या ऑक्टोबरात ते पॅसिफिकवरून नेण्यात आले; वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची झाली आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटला, कारण वारा पाठीशी होता. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले आणि रशियाने युरोपीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरे जागची हललेली नव्हती.

मग ती कमान निरर्थक म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. युरोपीय संघाने २००४ साली उशिराच्या व रद्द झालेल्या उड्डाणांसाठी भरपाईचा नियम केला, त्यात १,५०० व ३,५०० किलोमीटरच्या पायऱ्या याच कमानीने मोजण्याचे ठरवले. विमान कोठून वळवले यावर वाद घालून कोणालाही आपली बाजू जड करता येऊ नये, हा त्यातला न्याय. जी वाट कोणाचीच नाही, ती सर्वांना सारखी. उलट, जळलेल्या इंधनाचा हिशेब याच कमानीने करणे लबाडीचे होईल. धूर तर प्रत्यक्ष वाटेवरच सुटतो. तेव्हा माप खरे की खोटे, हे त्याचा भार कोणावर पडतो ते पाहिल्यावाचून ठरत नाही.

परदेशी गेलेला मुलगा ‘सोळा तासांचेच तर अंतर आहे’ असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याचे माप विमानतळापासून विमानतळापर्यंतचे. ग्वाल्हेरच्या वाड्यातील आईच्या मापात व्हिसाची मुलाखत, तिकिटाचे पैसे, दिल्लीपर्यंतची गाडी आणि दुखरे गुडघे येतात. मुलाच्या मापात शिल्लक रजा. या दोन मापांचा मेळ कोणते यंत्र घालणार? २०२५ च्या एप्रिलात पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले आणि दिल्लीहून अमेरिकेस निघालेली काही विमाने इंधनासाठी व्हिएन्नास उतरू लागली. थेट उड्डाणाच्या तिकिटावर पुन्हा एक मुक्काम आला.